वाढीव मजल्यांचा हिशेब

१

माणसाने कुठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती समाजाच्या किल्ल्या असतात. ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. गावाचा नकाशा कोणी कागदावर काढला नव्हता. तरी पाटलाचा वाडा कुठे, ब्राह्मणआळी कुठे आणि महारवाडा-मांगवाडा गावकुसाबाहेर कोणत्या अंगाला, हे लहान पोरालाही ठाऊक असे. ओढ्याचे पाणी कोणाकडून कोणाकडे वाहते याचा विचार करूनच त्या वस्त्या बसवलेल्या होत्या. विहीर, देऊळ, चावडी, बाजार यांच्यापासून प्रत्येकाचे अंतर ठरलेले होते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण नाव बदलले म्हणून वस्ती जागची हलत नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मर्म ओळखले होते. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला, आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी त्यासाठी सेटलमेंट कमिशन नेमण्याची मागणी केली. त्या मागणीविषयी आज मतभेद असू शकतील. तिच्यामागची जाणीव मात्र पक्की होती : राहण्याची जागा बदलल्याखेरीज माणसाचे सामाजिक स्थान बदलत नाही.

शहरात आलो तेव्हा आपण समजलो की गावकूस मागे राहिले. शहरात भिंत नाही, वेस नाही, तेव्हा अंतरही नाही. वस्तुतः शहरात अंतर मोजायची पट्टी बदलली आहे. इथे ती रंगांत आणि आकड्यांत बोलते. कुठली जमीन कशासाठी, तिच्यावर किती मजले आणि त्या मजल्यांवर कोण, हे तीन निर्णय कागदावर होतात, आणि तो कागद आपल्यापर्यंत येतो तो बहुधा सही किंवा अंगठा मागायलाच.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. घरातला पहिला पदवीधर असल्यामुळे मी वाढलो त्या वस्तीत कुठलाही सरकारी कागद आला की तो माझ्यापुढे ठेवला जातो. “सर, यात काय लिहिलंय ते सांगा,” असे म्हणणारी माणसे माझ्या वडिलांच्या वयाची असतात. गेली काही वर्षे हे कागद बहुतेक घरांचेच असतात : संमतिपत्र, इरादापत्र, पात्र रहिवाशांची यादी म्हणजे परिशिष्ट दोन. त्यांतली भाषा वकिलाची असते आणि गणित बिल्डरचे. त्या गणितात आपली बाजू कोणती, एवढेच सांगण्याचा या लेखाचा मर्यादित हेतू आहे.

२

पहिला शब्द ‘झोन’. शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक जमिनीला एक रंग दिलेला असतो. हा भाग निवासी, तो औद्योगिक, तो व्यापारी. ही जागा शाळेसाठी राखीव, ती मैदानासाठी. महाराष्ट्रात हा कारभार १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली चालतो. रंग बदलला की जमिनीचे नशीब बदलते. कारखान्याखालची जमीन निवासी किंवा व्यापारी ठरली की तिची किंमत कित्येक पटींनी वाढते. माती तीच, मालक तोच. बदललेला असतो तो फक्त सरकारी शेरा.

दुसरा शब्द चटई क्षेत्र निर्देशांक. लोक त्याला एफ. एस. आय. म्हणतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो आकडा सांगतो. भूखंड १००० चौरस मीटर आणि निर्देशांक १ असेल, तर सगळे मजले मिळून १००० चौरस मीटर बांधता येते. मग सगळ्या भूखंडावर एकच मजला पसरा किंवा चौथ्या हिश्श्यावर चार मजले चढवा. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मूळ शहरासाठी हा आकडा १.३३ होता आणि उपनगरांसाठी १.

आता वाढीव चटई क्षेत्र म्हणजे काय ते पाहू. समजा, एका भूखंडाची किंमत १०० रुपये आहे. त्यावर १० घरे बांधली तर प्रत्येक घरावर जमिनीचा भार १० रुपये पडतो. २० बांधली तर ५. जमीन नव्याने विकत घ्यावी लागत नाही आणि घरे मात्र वाढतात. म्हणून शासन बिल्डरला म्हणते : तू गरिबांसाठी इतकी घरे बांध, त्याच्या बदल्यात तुला नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त मजले बांधू देतो. ते जास्तीचे मजले बाजारभावाने विकून तू खर्च आणि नफा काढ. सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही, गरिबाला घर मिळते, बिल्डरला नफा मिळतो. सगळे सुखी, असे या योजनेचे वर्णन केले जाते.

इथे एक क्षण थांबले पाहिजे. जास्तीच्या मजल्यांना किंमत येते कुठून? ती येते रस्त्यातून, रेल्वेतून, पाण्याच्या नळातून, दवाखान्यातून, शाळेतून. म्हणजे साऱ्या समाजाने उभारलेल्या शहरातून. शहरात ज्यांनी गटारे खोदली, रूळ टाकले, कचरा उचलला त्यांचा वाटा या किमतीत आहे. शिवाय शासनानेच मजल्यांवर मर्यादा घातलेली असल्यामुळे ती ओलांडण्याची परवानगी मोलाची होते. तेव्हा ही परवानगी म्हणजे सार्वजनिक धन आहे. बिल्डर आपल्या खिशातून गरिबाला घर देतो हे खरे नाही, आणि शासन दान करते हेही खरे नाही. समाजाच्या मालकीची वस्तू बिल्डरला दिली जाते आणि तिची किंमत घरांच्या रूपाने घेतली जाते. हा सौदा आहे. सौद्यात किंमत पुरेशी मिळाली का, आणि मिळालेला माल कुठे पोहोचला, हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. पहिला प्रश्न पुष्कळ जण विचारतात. दुसरा फारसा कोणी विचारत नाही, आणि आपल्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

३

रंगांचा आणि आकड्यांचा हा कारभार माणसांच्या उतरंडीशी कसा जोडला जातो, हे अमेरिकेत स्वच्छ दिसते. तिथे भेद आधी कायद्यात उघड लिहिला होता आणि नंतर तो आकड्यांच्या आड गेला. आपल्या चळवळीने १९७२ साली पँथर हे नाव तिथूनच उचलले. तेव्हा तिथला घराचा लढाही आपल्याला माहीत असावा.

केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराने १९१४ साली कायदा केला : ज्या गल्लीत गोऱ्यांची घरे जास्त तिथे काळ्याने राहायला जाऊ नये, आणि काळ्यांची जास्त तिथे गोऱ्याने. १९१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पण कारण लक्षात घेण्यासारखे आहे. काळ्या माणसाचा राहण्याचा हक्क हा त्या निकालाचा पाया नव्हता. मालकाचा आपली मालमत्ता विकण्याचा हक्क मारला जातो, या मुद्द्यावर तो निकाल उभा होता. पुढे १९२६ साली ओहायोतील युक्लिड या उपनगराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने झोनची पद्धत वैध ठरवली. त्या निकालात स्वतंत्र बंगल्यांच्या भागात येणाऱ्या अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली गेली. आता वर्णाचा उल्लेख करण्याची गरजच उरली नाही. एका भूखंडावर एकच घर, भूखंडाचे किमान क्षेत्रफळ एवढे, इमारती चालणार नाहीत, एवढे नियम केले की गरीब आपोआप बाहेर राहतो. आणि गरीब कोण हे इतिहासाने आधीच ठरवून ठेवले होते. गावकुसाचे काम एका आकड्याने केले.

त्या आकड्याविरुद्ध उभी राहिलेली बाई म्हणजे एथेल लॉरेन्स. न्यू जर्सी राज्यातल्या माऊंट लॉरेल या गावात तिची काळी बिरादरी कित्येक पिढ्या राहत होती. फिलाडेल्फियाजवळचे हे शेतीवाडीचे गाव उपनगर होऊ लागले, जमिनीचे भाव वाढले आणि जुनी मोडकी घरे पाडली जाऊ लागली. या लोकांनी स्वस्त भाड्याच्या ३६ घरांची परवानगी मागितली. १९७० साली गावच्या महापौराने त्यांच्याच चर्चमध्ये येऊन सांगितले की ज्यांना या गावात राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे. ज्यांच्या पूर्वजांनी ते गाव कसले त्यांना हे ऐकावे लागले!

एथेल लॉरेन्स आणि तिचे सोबती न्यायालयात गेले. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जमीन कशी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार गावाला जनतेच्या हितासाठी मिळालेला आहे. तो वापरून गरिबाला बाहेर ठेवता येणार नाही, आणि आसपासच्या प्रदेशाला लागणाऱ्या स्वस्त घरांतला आपला रास्त वाटा प्रत्येक वाढत्या गावाने उचलला पाहिजे. गावाने निकालाला तोंडदेखला मान दिला आणि बांधण्यास गैरसोयीचे जमिनीचे तीन तुकडे दाखवून हात झटकले. म्हणून १९८३ साली न्यायालयाला दुसरा निकाल द्यावा लागला. आता त्याने हत्यारही दिले. जो बिल्डर आपल्या प्रकल्पात ठरावीक हिस्सा घरे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवील, त्याला गावाची मजल्यांची आणि घरसंख्येची मर्यादा ओलांडू द्यावी, गाव आडवे आले तर न्यायालय परवानगी देववील. कॅलिफोर्निया राज्याने वाढीव घरसंख्येचा असा कायदा १९७९ सालीच केला होता. न्यू जर्सीत मात्र ते हत्यार बंद दरवाजा उघडण्यासाठी वापरले गेले, हे त्याचे वेगळेपण.

श्रीमंत गावांनी पळवाट शोधलीच. १९८५ च्या राज्याच्या कायद्याने गावाला आपला निम्म्यापर्यंतचा वाटा पैसे देऊन दुसऱ्या गावावर ढकलण्याची मुभा दिली. पैसा कॅम्डेन-नेवार्कसारख्या गरीब, काळ्या वस्तीच्या शहरांकडे गेला, आणि गरीब माणूस होता तिथेच राहिला. ही मुभा २००८ साली बंद झाली. एथेल लॉरेन्स १९९४ साली वारली. तिच्या नावाची घरे माऊंट लॉरेलमध्ये २००० साली राहती झाली. ती पुढे १४० झाली. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. शेजाऱ्यांनी जी भीती घातली होती तिच्यातले काहीच घडले नव्हते. गुन्हे वाढले नव्हते, आसपासच्या घरांचे भाव ढासळले नव्हते. राहायला आलेल्या कुटुंबांची कमाई मात्र सुधारली होती आणि मुलांना चांगल्या शाळा मिळाल्या होत्या. घर तेवढेच असले तरी पत्ता बदलल्याने आयुष्य बदलते, याचा हा मोजून काढलेला पुरावा आहे.

४

आता आपल्या मुंबईकडे येऊ. झोपडपट्टीच्या जागी वाढीव चटई क्षेत्र देण्याची पद्धत इथे १९९१ पासून आहे. त्या पहिल्या योजनेत निर्देशांक २.५ पर्यंत वाढवता येत असे, बिल्डरच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती आणि घरासाठी रहिवाशालाही काही पैसे भरावे लागत. १९९५ साली सरकार बदलले. चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली, अफझुलपूरकर समितीने आराखडा दिला आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. नफ्याची मर्यादा गेली, रहिवाशाने भरायचे पैसे गेले. ‘मोफत’ हा शब्द तेव्हापासून आपल्या मानेवर बसला आहे.

त्या योजनेचे गणित असे. रहिवाशांसाठी जितके बांधकाम होईल त्याच्या प्रमाणात बिल्डरला विक्रीसाठी बांधकाम मिळे : मूळ शहरात १० चौरस मीटरला ७.५, उपनगरात १० ला १०, धारावीसारख्या अवघड जागी १० ला १३.३. समजा, उपनगरातल्या १०,००० चौरस मीटर जमिनीवर ५०० कुटुंबे आहेत आणि जिना, वाट, बालवाडी धरून प्रत्येकामागे ३० चौरस मीटर बांधकाम लागते. म्हणजे पुनर्वसनाचे १५,००० आणि विक्रीचे १५,०००, एकूण ३०,०००. जमिनीच्या तिप्पट. पण त्या जागी बांधण्याची मर्यादा २.५ पट, म्हणजे २५,०००. उरलेले ५,००० बिल्डरला हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून मिळत. ते तो उत्तरेकडच्या दुसऱ्या भूखंडावर वापरी किंवा विकी.

या हिशेबात दोन गोष्टी झाकलेल्या आहेत. एक म्हणजे जमीन. आधी ५०० कुटुंबे १०,००० चौरस मीटरवर पसरलेली होती. आता ती उंच इमारतीत एकावर एक रचली गेल्यामुळे जमिनीच्या एका कोपऱ्यात मावतात. मोकळा झालेला भाग, बहुधा रस्त्याकडचा, विक्रीच्या इमारतीला जातो. आपल्याला मिळालेले घर ‘मोफत’ नाही. त्याची किंमत आपण पायाखालच्या जमिनीने मोजली आहे. आणि ती जमीन अनेक ठिकाणी दलदल होती, खाडी होती, डंपिंग ग्राउंडचा कडेला होता. भर घालून ती राहण्याजोगी आपल्या माणसांनी केली. ते श्रम कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

दुसरी गोष्ट दाटी. योजनेतच हेक्टरी किमान ५०० घरांची अट होती, आणि स्वस्तात बसावे म्हणून इमारतींमधल्या अंतराचे नियम सैल केले गेले. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाऊंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना नेऊन वसवले, तिथे दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर जागा. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. २०१८ साली या वसाहतींच्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध उजेड आणि वारा न मिळण्याशी असल्याचे दिसून आले. दाटी ही स्वतः वाईट नसते. श्रीमंतांचे मनोरेही दाटच असतात. पण त्यांच्या खाली बाग असते आणि समोर आकाश. दाटीचा लाभ एकाला आणि भार दुसऱ्याला, अशी वाटणी झाली की ती वाईट होते.

आता माऊंट लॉरेल शेजारी ठेवून पाहा. तिथे वाढीव मजले देऊन गरिबाला बंद गावात प्रवेश मिळाला. मुंबईत वाढीव मजले देऊन गरिबाच्या वस्तीत श्रीमंताला प्रवेश मिळाला. हत्यार एकच, दिशा उलटी. मुंबईच्या योजनेने हजारो कुटुंबांना पक्के छप्पर, संडास आणि नळ दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्याने रांगेत उभे राहून डबा धरला आहे तो त्याचे मोल जाणतो. २२५ चौरस फुटांचे घर पुढे २६९ झाले, २०१८ च्या नियमावलीत ३०० झाले, तेही चांगलेच. पण या योजनेने बड्यांच्या एकाही वसाहतीचे दार आपल्यासाठी उघडलेले नाही. आणि १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, अशा तारखांच्या पलीकडे जो राहिला तो मोफत घराच्या यादीतून गळला. तीस वर्षे झाली, पण चाळीस लाखांचे ते उद्दिष्ट अजून दूरच आहे.

हेच हत्यार सरकारी यंत्रणेच्या हाती असले तर काय होते याचे एक उदाहरण वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बी. डी. डी. चाळींचे आहे. १९२० च्या दशकात सरकारने कामगारांसाठी या चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पुनर्विकासाचे काम बिल्डरकडे न देता म्हाडाकडे दिले गेले, वाढीव चटई क्षेत्राचा लाभ म्हाडाच्या हिशेबात राहिला, आणि रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. उंच इमारतीचा देखभाल खर्च पुढे कोण पेलणार हा प्रश्न तिथेही आहे. तरी ३०० आणि ५०० यांतला फरक काही दगडविटांनी ठरवलेला नाही. जमीन कोणत्या ठिकाणची, योजना कोणती आणि नफा कोणाचा, यांनी तो ठरवला आहे.

५

जमिनीचा रंग बदलताना एका शब्दाने काय होते, हे गिरण्यांनी दाखवले. १९९१ च्या नियमावलीत ५८ वा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मैदाने-बागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी त्यात होती. मध्य मुंबईच्या पोटात स्वस्त घरे आणण्याची एवढी मोठी संधी पुन्हा येणार नव्हती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता सगळ्या जमिनीची राहिली नाही; आवारात आधीपासून जी मोकळी होती तेवढ्याच जमिनीची झाली. शेडखालची जमीन शेड पाडल्यावरही वाटणीबाहेर. गिरणीत शेडच जास्त, मोकळे ते किती असणार? २००५ साली उच्च न्यायालयाने या अर्थाला विरोध केला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. ‘मोकळी’ हा एक शब्द, आणि लोकांच्या वाट्याची बहुतेक जमीन मनोऱ्यांखाली गेली.

याच गिरण्यांत एके काळी साचेखात्यात अस्पृश्याला काम मिळत नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ होईल असे सांगितले जाई. कमी पगाराची खाती तेवढी आपल्यासाठी होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. साचेखात्याच्या दारात अडवलेल्यांची नातवंडे पुढे त्या जमिनीच्या वाटणीतही बाहेरच राहिली. पहिल्या वेळी अडवणारा दिसत होता. दुसऱ्या वेळी तो नियमाच्या पोटकलमात बसला होता.

६

माऊंट लॉरेलच्या जवळ जाणारी तरतूद आपल्याकडे आहे, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्र शासनाने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी नियम केला : भूखंड ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर २० टक्के बांधकाम आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी, ३० ते ५० चौरस मीटरच्या घरांचे असावे. ही घरे म्हाडाच्या सोडतीतून जातात. गरिबाला त्याच्याच वस्तीत रचून ठेवण्याऐवजी नव्या वसाहतीत जागा देणारा हा विचार मोलाचा आहे. पण त्यालाही फटी आहेत. मोठ्या जमिनीचे ४००० च्या आतले तुकडे पाडून नियम चुकवल्याच्या तक्रारी जाहीरपणे झाल्या आहेत. आणि तो उत्पन्न पाहतो, जात पाहत नाही. म्हणजे सोडतीचा अर्ज, अनामत आणि कर्ज ज्याला जमते त्याच्यापर्यंतच तो पोहोचतो. महिन्याच्या पगाराची पावती नसलेला सफाई कामगार किंवा नाका कामगार त्या रांगेत उभाच राहू शकत नाही.

आणखी एक भिंत नियमावलीच्या बाहेर आहे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सहकारी संस्था आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवू शकते. कोण कोणाचा शेजारी हे संस्थेच्या उपविधींवर आणि दलालाच्या प्रश्नांवर सोडले गेले आहे. नोकरी लागल्यावर मी भाड्याची खोली शोधत होतो तेव्हा मला पगार नंतर विचारला गेला, आडनाव आधी आणि “नॉनव्हेज खाता का?” हे त्याच्याही आधी. मजले कितीही वाढवा. दाराशी हा प्रश्न उभा असेल तर वाढलेले मजले आपल्यासाठी नाहीत.

७

तेव्हा वस्तीत पुनर्विकासाची सभा भरली की काय विचारावे? एकूण बांधकाम किती, त्यात आपले किती आणि विक्रीचे किती, हा पहिला प्रश्न. दुसरा, जमिनीचा कोणता भाग आपल्या इमारतीखाली राहणार, तो नकाशात बोट ठेवून दाखवा. दोन इमारतींमध्ये अंतर किती. रस्ता, शाळा, मैदान कोणाच्या अंगाला. तिसरा, जमिनीचा भाडेपट्टा कोणाच्या नावे होणार. चौथा, संक्रमण शिबिर किंवा भाडे किती दिवस, आणि काम रखडले तर जबाबदार कोण. पाचवा, लिफ्ट, पंप आणि कर यांचा खर्च दहा वर्षांनी कोण देणार. सुरुवातीच्या नियमांत त्यासाठी घरामागे २०,००० रुपये ठेवले होते, ते किती पुरतात हे लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीतली म्हातारी माणसे सांगतील. सहावा, यादीतून कोण गळले. पूर्वी ७० टक्के संमती लागे, २०१८ च्या नियमावलीत ती ५१ टक्क्यांवर आली. निम्म्याहून एक जास्त सही मिळाली की उरलेल्यांचा आवाज संपतो. म्हणून सही करण्याआधी गळलेल्यांचा विचार करणे हे सही करणाऱ्यांचेच काम आहे.

हे प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तरे मराठीत, लेखी मागावीत. आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी, विशेषतः जी आता शहाण्या वस्तीत राहायला गेली आहेत त्यांनी, त्या सभेला जाऊन बसावे. वास्तुशास्त्र, कायदा, लेखापरीक्षण शिकलेले आपले विद्यार्थी आता दर वर्षी बाहेर पडतात. जयंतीच्या वर्गणीइतकेच हेही काम चळवळीचे आहे.

मागणी मात्र वस्तीच्या हद्दीपाशी थांबू नये. वाढीव मजल्यांची परवानगी ही साऱ्यांच्या मालकीची आहे, तर तिची किंमत साऱ्या शहरात वसूल झाली पाहिजे. जिथे जुन्या बंगल्यांच्या जागी मनोरे उठतात, जिथे मेट्रोच्या कडेने निर्देशांक वाढवला जातो, जिथे कारखान्याची जमीन निवासी होते, त्या प्रत्येक ठिकाणी आपल्या वाट्याची घरे तिथेच, त्याच रस्त्यावर, त्याच शाळेच्या आवाक्यात मागितली पाहिजेत. दूरच्या टोकाला मोठे घर देतो असे कोणी म्हणाले तर न्यू जर्सीच्या गावांनी पैसे देऊन ढकललेला वाटा आठवावा. किती चौरस फूट, हा प्रश्न आपण विचारायला शिकलो. त्याच्या जोडीला प्रत्येक आराखड्याला दुसरा प्रश्न विचारावा लागेल : कुठे, आणि कोणाच्या शेजारी?